पेढीपासून पडद्यापर्यंत : सिंधुदुर्गातील ऑनलाइन व्यापाराचे नियोजन



न पाहिलेल्या ग्राहकाला माल पाठवावा आणि न पाहिलेल्या माणसाकडून पैशाची वाट पाहावी, हा व्यवहार सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला नवा नाही. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास डचांची वखार होती. पुढे वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग या बंदरांतून गलबते आणि मचवे माल भरून मुंबईच्या दिशेने निघत. माल चढविणारा आणि माल उतरवून घेणारा यांची गाठ क्वचितच पडे. दोघांच्या मध्ये असे ते एक पत्र, एक हुंडी आणि पेढीचे नाव. ज्या पेढीच्या नावावर हुंडी वटे तिला पत आहे असे म्हणत, आणि एकदा गेलेली पत पुन्हा मिळविण्यास एक पिढी पुरत नसे.

आज पत्राच्या जागी भ्रमणध्वनीचा पडदा आला आहे आणि हुंडीच्या जागी यूपीआय आले आहे. पतीचा प्रश्न मात्र जागचा हललेला नाही. किंबहुना तो अधिक कठीण झाला आहे. ऑनलाइन व्यापाराच्या नियोजनाचा विचार या ठिकाणाहून सुरू केला, तर त्यातील पुष्कळसे गूढ आपोआप उकलते.

प्रथम साधनांचा क्रम ध्यानात घेतला पाहिजे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २०१६ साली यूपीआय आले आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. रस्ता, रूळ, तार आणि पैसा ही चारही साधने अशा रीतीने चाळीस वर्षांत दाराशी येऊन ठेपली. परंतु साधन हाती येणे म्हणजे योजना तयार होणे नव्हे. होडी बांधून झाली म्हणजे बंदर ठरले असे कोणी म्हणत नाही. संकेतस्थळ तयार करून घेतले म्हणजे ऑनलाइन व्यापार सुरू झाला, ही समजूत त्याच जातीची आहे.

२०२० च्या हंगामाने दिलेला धडा

ही गोष्ट सिंधुदुर्गाला सर्वांत स्पष्ट शब्दांत शिकविली ती २०२० च्या आंबा हंगामाने. हापूसचा नेहमीचा मार्ग सर्वांना ठाऊक आहे. थंडीत मोहोर येतो, फेब्रुवारी-मार्चपासून तोडणी सुरू होते, पेट्या भरल्या जातात आणि ट्रकने वाशीच्या बाजारात दलालाकडे जातात. तेथे भाव निघतो, आडत, हमाली व वाहतूक वजा होते आणि उरलेल्या रकमेची पट्टी बागायतदाराच्या हाती पडते. आपला आंबा अखेरीस कोणाच्या घरी गेला, त्याने तो किती रुपयांस घेतला आणि तो त्याला आवडला की नाही, हे बागायतदाराला कधीच कळत नाही.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. झाडावर फळ तयार होते आणि नेहमीचा मार्ग अडखळला होता. त्या दिवसांत अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांशी थेट संपर्क साधला. दूरध्वनीवर आणि व्हॉट्सअॅपवर मागणी नोंदवून गाड्या थेट इमारतींच्या दारात उभ्या राहू लागल्या. राज्य शासनाने २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला होता, त्यामुळे अशा थेट विक्रीस कायद्याची आडकाठी नव्हती.

या धावपळीत दोन प्रकारचे बागायतदार दिसून आले. ज्यांच्यापाशी मागील वर्षांच्या ग्राहकांची वही होती, त्यात नाव, पत्ता, दूरध्वनी आणि कोणाला किती डझन लागतात याची नोंद होती, त्यांनी आठवड्याभरात घडी बसविली. ज्यांच्यापाशी अशी वही नव्हती, त्यांना फळ उत्तम असूनही ग्राहक कोठे शोधावा हे उमजेना. दोघांचा भ्रमणध्वनी एकाच प्रकारचा होता आणि इंटरनेटही सारखेच होते. फरक होता तो वहीचा. ऑनलाइन व्यापाराचे पहिले भांडवल म्हणजे ओळखीच्या ग्राहकांची यादी, आणि ती संकटाच्या दिवशी तयार करता येत नाही.

काय विकावे, कोणाला विकावे

नियोजनाचा पहिला प्रश्न हा की आपल्यापाशी असे काय आहे, जे दुसऱ्यापाशी नाही? साबण, कपडा, भांडी या वस्तू मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन बाजारात सिंधुदुर्गातील दुकानदाराच्या खरेदीदरापेक्षाही कधी कधी स्वस्त मिळतात. तेथे स्पर्धा करणे म्हणजे भरतीच्या तोंडावर वाळूचा बांध घालणे होय. परंतु देवगडचा हापूस, वेंगुर्ल्याचा काजू, कोकमाचे आगळ, आमसूल, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचे पीठ, सावंतवाडीची लाकडी खेळणी या वस्तूंचे मूळ स्थान हेच आहे. २०१६ साली वेंगुर्ला काजूला, तसेच सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसलाही तो प्राप्त झाला. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था यांचा त्या नोंदणीच्या धारकांत समावेश आहे. जे नाव कायद्याने या मातीशी बांधले गेले आहे, त्याचा उपयोग या मातीतील व्यापाऱ्याने करू नये, तर कोणी करावा?

दुसरा प्रश्न ग्राहकाचा. ‘सर्वांना विकू’ हे उत्तर ऐकण्यास बरे वाटते, परंतु त्यावर योजना उभी राहत नाही. दादर, विलेपार्ले, डोंबिवली येथे राहणारा मूळचा सिंधुदुर्गवासी हा एक ग्राहक. त्याला चव समजावून सांगावी लागत नाही. ज्याने मालवण पाहिले आणि जाताना कोकम नेले, तो पुण्याचा किंवा कोल्हापूरचा पर्यटक हा दुसरा. कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य करणारी कुटुंबे हा तिसरा, आणि येथील समाजाला त्याची गरज इतरांहून अधिक समजते. मसाला, लोणचे, सरबत, सुका खाऊ यांत काय घातले आहे आणि काय घातलेले नाही, हे स्वच्छ लिहिणारा विक्रेता अशा कुटुंबांना हवाच असतो. तीन ग्राहक, तीन भाषा, तीन प्रकारची पॅकिंगे. एकाच जाहिरातीने तिघांना बोलावू पाहिले तर एकही नीट येत नाही.

आपले दुकान की दुसऱ्याचा बाजार

यानंतर मार्ग निवडावा लागतो. मार्ग ढोबळमानाने तीन आहेत. पहिला व्हॉट्सअॅपचा. छोट्या व्यावसायिकांसाठी व्हॉट्सअॅप बिझनेस हे स्वतंत्र अॅप २०१८ साली आले. त्यात मालाची यादी, दर आणि ठराविक उत्तरे ठेवता येतात. पन्नास ते शंभर ग्राहकांपर्यंत हे साधन पुरते, पुढे मात्र कोणाचे पैसे आले व कोणाचा माल गेला याचा गुंता होऊ लागतो. दुसरा मार्ग मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेचा. तेथे गर्दी तयार असते, परंतु दलाली द्यावी लागते, शेजारच्या रकान्यात स्वस्त माल उभा असतो आणि मुख्य म्हणजे ग्राहकाची वही त्या बाजाराच्या मालकाकडे राहते. केंद्र शासनाच्या पुढाकाराने २०२१ साली स्थापन झालेले ओएनडीसी हे खुले जाळे हीच मक्तेदारी सैल करण्याचा एक प्रयत्न आहे. तिसरा मार्ग स्वतःच्या संकेतस्थळाचा. तेथे वही आपली, नाव आपले, परंतु गर्दी आपणहून येत नाही, ती आणावी लागते.

शहाणपण असे की मार्ग पायरीपायरीने घ्यावा. पहिल्या हंगामात ओळखीच्या ग्राहकांवर व्हॉट्सअॅपने प्रयोग करावा, दुसऱ्या वर्षी साधे संकेतस्थळ करावे आणि मोठ्या बाजारपेठेत केवळ टिकाऊ माल, म्हणजे काजू, आमसूल, आगळ असा, नव्या ग्राहकाची ओळख व्हावी इतक्याच हेतूने ठेवावा. संकेतस्थळाचे नाव मात्र पहिल्याच वर्षी स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवावे. ते तयार करून देणाऱ्या माणसाच्या नावावर राहिले, तर दुकान आपले आणि किल्ली परक्याची, अशी अवस्था होते.

नफ्याचे खरे गणित

ऑनलाइन व्यापारात सर्वाधिक फसगत होते ती हिशेबात. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका डझनाला वाशीच्या पट्टीत निव्वळ ५५० रुपये हाती पडतात आणि घरपोच विक्रीत ग्राहक ९०० रुपये देतो, असे समजावे. वरवर पाहता फायदा ३५० रुपयांचा. आता खर्च मांडावा. खोका व गवत ६० रुपये, कुरियर अथवा गाडीभाडे १२०, कार्ड व संकेतस्थळाचे शुल्क २५, जाहिरात व दूरध्वनी ४०. शिवाय वीस खोक्यांपैकी एक खराब पोहोचतो व त्याचे पैसे परत करावे लागतात असे धरले, तर प्रत्येक डझनावर ४५ रुपये. एकूण २९० रुपये झाले. हाती राहिले ६१०. दिसणारा फायदा ३५० रुपयांचा आणि खरा फायदा ६० रुपयांचा!

हेच गणित थोडे पुढे न्यावे. खराब खोक्यांचे प्रमाण विसात एकऐवजी आठात एक झाले, तर परताव्याचा भार ४५ वरून ११२ रुपये ५० पैशांवर जातो. हाती ५४२ रुपये ५० पैसे उरतात, म्हणजे वाशीपेक्षाही साडेसात रुपये कमी. सारांश, या व्यापारातील नफा जाहिरातीत नसून खोक्याच्या बांधणीत आहे.

म्हणूनच नियोजनाची सुरुवात पडद्यावर न होता बागेत झाली पाहिजे. फळ चौदा आणे पक्व झाले असतानाच उतरवावे. ते झेल्याने, देठासह काढावे, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाही. एका खोक्यात एकाच वजनाची फळे असावीत. अढीत किती दिवस राहिलेले फळ किती दिवसांच्या प्रवासास निघाले आहे, याचा मेळ घालावा. मुंबईस दुसऱ्या दिवशी पोहोचणारे फळ आणि नागपूरला तीन-चार दिवसांनी पोहोचणारे फळ एकाच अढीतील असून चालत नाही. खोक्यात एक चिठ्ठी घालावी की फळ अमुक दिवसांनी खाण्यास तयार होईल, तोवर शीतकपाटात ठेवू नये. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे हे तर झालेच, परंतु नैसर्गिक अढीत पिकलेल्या फळाचा धीमा वेग ग्राहकाला आधी सांगून ठेवणे हेही विक्रेत्याचेच काम आहे. न सांगितल्यास ‘कच्चा आंबा पाठविला’ अशी तक्रार ठरलेली.

हापूसमध्ये साक्याचा दोष असतो. तो सालीवरून ओळखता येत नाही, फळ कापल्यावरच कळतो. येथे विक्रेता प्रामाणिक असूनही ग्राहक नाराज होतो. यावर उपाय एकच : विक्रीपूर्वीच लिहून ठेवावे की साका निघाल्यास छायाचित्र पाठवा, तितक्या फळांची भरपाई होईल. काही ग्राहक याचा गैरफायदा घेतील, हे धरून चालावे. त्याचाही आकडा वरच्या गणितात आधीच मांडावा.

दलालाचे स्थान

थेट विक्रीच्या उत्साहात दलालाला खलनायक ठरविण्याची प्रथा पडली आहे. परंतु न्यायाने पाहिले पाहिजे. हंगामापूर्वी उचल कोण देतो? एका रात्री दोनशे पेट्या कोण उतरवून घेतो? लहान, डागी, वजनात न बसणारे फळ कोण विकतो? कुरियरच्या खोक्यात फक्त निवडक फळ जाते, उरलेल्या फळालाही बाजार लागतोच. म्हणून पहिल्या वर्षी दहा पेट्यांपैकी एक-दोन पेट्याच थेट विक्रीस ठेवाव्यात, बाकीच्या नेहमीच्या मार्गाने जाऊ द्याव्यात. जुना मार्ग तोडून नवा बांधण्यापेक्षा जुन्यावर उभे राहून नवा बांधावा. त्यातच कुटुंबाची सुरक्षितता आहे.

नावाची राखण

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ‘देवगड हापूस’ अशी पाटी लावून विकले जाणारे सर्वच आंबे देवगडचे नसतात, हे उघड गुपित आहे. अन्य प्रांतांतील दिसावयास तसेच फळ देवगडच्या खोक्यात भरले जाते. पडद्यावर तर हे आणखी सोपे होते, कारण तेथे ग्राहक फळाचा वास घेऊ शकत नाही. त्याच्यासमोर असते केवळ छायाचित्र, आणि छायाचित्र कोणाचेही लावता येते.

याविरुद्ध देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात उचललेले पाऊल अभ्यासण्यासारखे आहे. प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचे चिकटपत्र लावण्याची पद्धत संस्थेने आणली. हे चिकटपत्र काढताना फाटते, म्हणून एका फळावरून दुसऱ्या फळावर लावता येत नाही. ग्राहकाने त्याचे छायाचित्र ठरलेल्या क्रमांकावर व्हॉट्सअॅपने पाठवावे, मग मागील बाजूचा क्रमांक विचारला जातो आणि तो जुळला तर फळ कोणाचे याची माहिती मिळते. मुख्य म्हणजे बागायतदाराला ही चिकटपत्रे त्याच्या उत्पादनक्षमतेच्या हिशेबाने दिली जातात. कलमे शंभर आणि आंबे हजार कलमांचे, असा चमत्कार त्यामुळे करता येऊ नये, हा हेतू.

ही पद्धत सर्वथा निर्दोष आहे असा दावा कोणी करू नये. प्रत्येक फळावर चिकटपत्र लावण्याचे श्रम आहेत, खर्च आहे, आणि ग्राहकाने तपासण्याचा कंटाळा केला तर सारे व्यर्थ आहे. तथापि तिच्यामागील विचार मोलाचा आहे. एकट्या बागायतदाराला आपले नाव राखता येत नाही, नाव सर्वांचे मिळून असते. दहा जणांनी प्रामाणिकपणे कमावलेली पत अकरावा एका हंगामात घालवू शकतो. म्हणून ऑनलाइन व्यापाराच्या योजनेत ‘आपण एकटे काय करणार’ याबरोबरच ‘सर्वांनी मिळून काय करावयाचे’ हा रकाना असावाच लागतो.

येथे एका जुन्या शिकवणीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. श्रावकाच्या अचौर्याणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत खोटी वजने-मापे वापरणे आणि अस्सलच्या जागी हलका माल अस्सल म्हणून देणे यांचा समावेश आहे. ते सांगितले गेले त्या काळी ना बाजार समिती होती, ना ग्राहक न्यायालय. दुसऱ्याच्या बागेचा आंबा देवगडच्या खोक्यात भरणे हा त्याच अतिचाराचा आजचा अवतार होय. दुकानाच्या गल्ल्यावर बसून हे व्रत पाळणाऱ्यास पडद्यावरही ते पाळावे लागते, आणि तेथे पाहणारे कोणी नसल्यामुळे अधिक कसोशीने पाळावे लागते.

कायदा आणि सावधगिरी

खाद्यपदार्थ विकणाऱ्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये उलाढालीप्रमाणे नोंदणी अथवा परवाना घ्यावा लागतो. घरी आगळ वा आंबापोळी करून विकणाऱ्या भगिनींनाही हे लागू आहे. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याचा दिनांक, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. ताज्या फळावर जीएसटी नाही, प्रक्रिया केलेल्या मालाची गोष्ट वेगळी. म्हणून आरंभीच कर सल्लागाराला विचारावे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. ग्राहकांची वही ही ठेव आहे. ती दुसऱ्या व्यापाऱ्याला विकणे वा सहज देऊन टाकणे हा विश्वासघात आहे.

फसवणुकीबद्दल दोनच गोष्टी सर्वांनी पाठ कराव्यात. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. मोठी मागणी नोंदवून ‘हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील’ असे सांगणारा माणूस ग्राहक नव्हे. आणि फसगत झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

मालवणचा पाहुणा

आंब्याइतकाच दुसरा मोठा व्यवसाय पाहुण्यांचा. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, चिवला, देवबाग येथे येणारा पर्यटक घरातून निघण्यापूर्वीच खोली पडद्यावर पाहून ठरवितो. येथेही तेच नियम लागू होतात. पाच वर्षांपूर्वीचे छायाचित्र लावू नये. समुद्र खिडकीतून दिसत नसेल तर ‘समुद्रदर्शनी’ लिहू नये, दहा मिनिटे चालावे लागते असे लिहावे. त्याने दोन पाहुणे कमी येतील, परंतु आलेला पाहुणा तक्रार लिहून जाणार नाही. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा बंद असतात, हे त्या महिन्यांची मागणी नोंदवितानाच सांगावे. शुद्ध शाकाहारी आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची सोय करणाऱ्या निवासाला दूरवरून येणारी कुटुंबे शोधत येतील. मात्र तसे लिहिले, तर स्वयंपाकघर आणि घड्याळ दोन्ही त्याप्रमाणे चालली पाहिजेत. बुकिंग करून देणाऱ्या कंपनीकडून पहिल्यांदा आलेला पाहुणा दुसऱ्यांदा थेट दूरध्वनी करून यावा, हेच यशाचे माप.

वर्षाचे वेळापत्रक

योजना कागदावर उतरवावयाची तर ती ऋतूंप्रमाणे उतरवावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मागील हंगामाचा हिशेब, तक्रारींचे वाचन, वहीची दुरुस्ती आणि नोंदणी-परवान्याची कामे उरकावीत. दिवाळीच्या सुमारास काजू, आगळ, आमसूल अशा टिकाऊ मालाच्या भेटपेट्या पाठवून जुन्या ग्राहकांशी पुन्हा बोलणे सुरू करावे. डिसेंबर-जानेवारीत मोहोराची खरी स्थिती कळवावी. पीक कमी असेल तर कमी आहे असेच सांगावे, आणि हाती येईल इतक्याच फळाची आगाऊ रक्कम घ्यावी. मार्चमध्ये थोड्या खोक्यांचा प्रयोग करून वाहतूक तपासावी. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला किती खोके नीट बांधता येतात ती संख्या ठरवून त्यापुढे मागणी घेऊ नये. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने ऐन हंगामात किनाऱ्याला झोडपले. अशा वेळी घेतलेले पैसे परत करण्याइतकी रक्कम वेगळी ठेवलेली असावी, हाही योजनेचाच भाग आहे.

शेवटी प्रश्न माणसांचा. अनेक घरांत वडीलधारे फळ ओळखतात, ग्राहक ओळखतात, परंतु भ्रमणध्वनीला बिचकतात. मुलगा वा सून यंत्र सहज चालविते, परंतु चौदा आणे फळ कोणते हे तिला सांगता येत नाही. दोघे एका पेढीवर बसले तरच हा व्यापार चालतो. ऑनलाइन व्यापाराचे खरे आश्वासन हे की शिकलेल्या मुलाला मुंबईस नोकरी शोधण्यावाचून दुसरा मार्ग नाही, ही अवस्था थोडी तरी पालटावी. ते आश्वासन सर्वांच्या बाबतीत पुरे होईलच असे नाही. परंतु ज्या घरात जुनी वही आणि नवा पडदा यांची सांगड बसेल, त्या घराचा दिवा गावातच तेवत राहण्याची शक्यता वाढेल.

पन्नास वर्षे एखादा ट्रस्ट टिकतो तो त्याच्या इमारतीवर नव्हे, तर वर्षानुवर्षे चोख ठेवलेल्या हिशेबावर आणि दात्यांच्या विश्वासावर. व्यापाराचेही तसेच आहे. या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाजातील तरुणांनी एकेक वही उघडावी, पहिल्या पानावर पहिल्या दहा ग्राहकांची नावे लिहावीत आणि पडद्याकडे त्यानंतर वळावे, हीच अपेक्षा.

जय जिनेंद्र!